इंदूची ओळ आणि बारा वर्षांची खूण

गाण्याला वय असतं हे मला म्हातारपणी कळलं. म्हशीचं वय दात बघून सांगतात, माणसाचं कंबर बघून. गाण्याचं कुणी विचारतं का? पण जळगावला ज्या स्टुडिओत मी कामाला जाते, तिथं माझं कामच ते आहे. गाणं ऐकायचं, त्याचा अर्थ सांगायचा, आणि मग ठरतं, हे गाणं किती वर्षांच्या पोराच्या हातात द्यायचं.

मी चौथीपर्यंत शिकले. वाचता येतं, लिहायला हात चालत नाही. म्हणून अंकात छापायला मी बोलते आहे आणि फरीदा टाइप करते आहे. ती मधेच थांबते, म्हणते, अक्का, हे असंच लिहू? मी म्हणते, असंच लिही. सुधारत बसू नको.

माझं गाव धरणगावच्या पलीकडं. सगळा कापसाचा मुलूख. वेचणीला गेलं की वाळल्या बोंडाची टोकं बोटात घुसतात, नखाच्या कडेनं रक्त येतं. तिथं बसून रडलं तर मुकादम ओरडतो, म्हणून आम्ही गाणी म्हणायचो. मी पुढं म्हणायची, बाकीच्या मागं ओढायच्या. त्यातून मला लग्नात हळदीला बोलवायला लागले. कुणी लुगडं द्यायचं, कुणी पायलीभर दादर ज्वारी, कुणी नुसतं नारळ. आमचे मालक जिनिंगमधे होते. कापसाची धूळ छातीत बसून बसून गेले. नंतर मी वेचणी आणि हळदी यावरच घर ओढलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही, सगळ्याच बाया ओढतात.

मग लग्नात डीजे आला. हळद बाया लावायच्या आणि गाणं डीजे म्हणायचा. दोन-तीन लग्नांत मी नुसतीच जेवून आले. तेव्हा जळगावचे हेमंतभाऊ मला न्यायला आले. त्यांचा स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या, भिंतींना गाद्या ठोकल्यासारखं मऊ मऊ काहीतरी. अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ करतात. त्यात मागं ओढायला बाया लागतात. पहिल्या दिवशी कानावर ते डबे घातले तर माझाच आवाज मला ऐकू आला, मी घाबरून काढून टाकले. हेमंतभाऊ म्हणाले, ‘अक्का, तो आवाज तुमचाच आहे, चावत नाही.’

पुढं पुण्याच्या एका कंपनीनं मोबाइलवरचा गाण्याचा खेळ काढला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गाणं लागतं आणि फोनवर वरून रंगीत मणी घसरत खाली येतात. खाली एक रेघ असते. मणी रेघेवर आला की बरोबर ठेक्यात बोट मारायचं. बरोबर बसलं तर तारे फुटतात आणि फोनातून आवाज येतो, ‘कडक!’ चुकलं तर नुसती टिचकी वाजते. एवढंच. बघायला पोरखेळ आहे, पण लोकांची जेवणं थंड होतात.

त्यांना खानदेशची गाणी पाहिजे होती. हेमंतभाऊंकडं ती होती. पण फोनमधे जे दुकान असतं, जिथून लोक खेळ उतरवून घेतात, तिथं खेळ ठेवायच्या आधी ते प्रश्न विचारतात. मारामारी आहे का, रक्त आहे का. शिव्या आहेत का. दारू, तंबाखू. अंगलटीचं काही. कुणी स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करतं का. चित्रात नसलं आणि नुसतं गाण्याच्या शब्दांत असलं तरी सांगावं लागतं. उत्तरं खरी द्यायची. मग खेळाला खूण मिळते: तीन वर्षांवरच्यांनी खेळावा, नाहीतर सात, बारा, सोळा, अठरा. आणि यात एक मेख आहे. संचातल्या सगळ्यात जड गाण्याचं जे वय, तेच सगळ्या संचाला लागतं. एक गाणं सोळाचं निघालं की शेजारची अंगाई बी सोळाची.

गाणी अहिराणीत. पुण्याच्या साहेबांना त्यातलं काही कळत नाही. फरीदा स्टुडिओत कॉम्प्युटरवर बसते, पण ती नशिराबादची. तिकडची बोली वेगळी, आमची वेगळी, त्यात जुने शब्द. म्हणून मला बसवलं. ती प्रश्न वाचते, मी अर्थ सांगते, ती भरते.

पहिलंच गाणं आलं ते हळदीतलं, विहीणबाईला शिव्या द्यायचं. मी एकेक ओळ फोडून सांगत गेले आणि फरीदाचे कान लाल होत गेले.

‘अक्का, हे नवऱ्या मुलाच्या आईला म्हणतात? तिच्या तोंडावर?’

‘मग काय पाठीमागं? पाठीमागं म्हणलं तर भांडण होईल.’

‘आणि ती ऐकून घेते?’

‘घेते म्हणजे? नाव नाही घेतलं तर रुसते. मला एक विहीण म्हणे, मन्हं नाव काबर नई लिधं व माय, मी काय मरी गऊ का?’

फरीदा हसून हसून खुर्चीवरून पडायला आली. मग डोळे पुसून कॉम्प्युटरकडं बघितलं. तिथं अपमान आहे का हा प्रश्न होता, अपमान झालेली हसते का हा नव्हता. गाणं सोळावर गेलं. हेमंतभाऊंनी ते बाजूला ठेवलं. मला वाईट वाटलं, पण खोटं बी नव्हतं. सात वर्षांचं पोर शाळेत बाईंना तसं म्हणालं तर कोण हसेल?

मग सातपुड्याकडून एक पावरा आदिवासी बाई आली. तिचं गाणं नव्या धान्याचं. मी त्यांच्या बायांबरोबर वेचणी केलेली, थोडं थोडं कळतं. गाण्यात मोहाच्या दारूचे पहिले थेंब जमिनीला देतात, गेलेल्या माणसांसाठी. फरीदानं विचारलं, दारू आहे का? मी म्हणलं आहे. पितात का? म्हणलं, या गाण्यात जमीन पिते. ती बाई आमच्या तोंडाकडं बघत होती. तिचं गाणं बी गेलं. जाताना तिनं मला पदरातून मूठभर चारोळी काढून दिली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

आणि एक धुळ्याचा पप्पू. खरं नाव वेगळं होतं, पण फटफटीवर बी पप्पू लिहिलेलं, मग तेच म्हणायचं. त्याची गाणी लग्नात वाजतात, पोरं नाचतात. तो आला तो मोठ्या ताठ्यात.

‘अक्का, तपाशी ल्या. एक बी शिवी नई. दारू नई. चिमटा बी नई काढेल.’

खरंच नव्हतं. गाणं असं की पोरगी एसटीतून उतरते, पोरगा मागं. क्लासला जाते, मागं. घरी जाते, हा कोपऱ्यावर उभा. पोरगी सगळ्या गाण्यात एक शब्द बोलत नाही.

मी म्हणलं, ‘पप्पू, पोर काय म्हनस रे?’

‘कोनती पोर?’

‘तुन्हा गानामधली.’

‘ती काय म्हनी, अक्का? ती लाजस.’

‘लाजस का भेस?’ म्हणजे लाजते का घाबरते.

तो हसला. ‘अक्का, तुम्हना टाइमले प्रेम नई व्हतं का?’

‘व्हतं ना. पन ते मांगे मांगे नई फिरे.’

फरीदा बराच वेळ प्रश्न खालीवर करत राहिली. बसेल असा प्रश्नच सापडला नाही. मारामारी नाही, शिवी नाही, अंगाला हात नाही. खूण आली तीनची. पप्पूनं सगळ्यांना लस्सी पाजली. फरीदानं तिचा ग्लास माझ्यापुढं सरकवला. म्हणाली, ‘तुम्हीच घ्या अक्का. मी रोज एसटीनं येते.’

आता इंदूचं सांगते. खरं तर त्याच्यासाठीच मी सांगायला बसले.

इंदू माझ्या पाठची बहीण. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडं दिवाळीपेक्षा मोठी. लग्न झालेल्या लेकी माहेरी येतात. घरोघर आंब्याचा रस, सांजोऱ्या, आणि मोठ्या निंबाला झोके. झोक्यावर गाणं म्हणायचं. गाणं सगळ्यांना माहीत असतं, पण आमच्या गावाची एक रीत होती. प्रत्येक लेकीनं गाण्यात आपली एक ओळ जोडायची. सासरचं जे काही असेल ते त्या ओळीत. आईला तोंडावर सांगायचं नाही, तिच्या जिवाला घोर. झोका वर गेला की सांगायचं. आया खाली बसून ऐकायच्या. कुणी कुणाला काही विचारायचं नाही.

आणि सगळ्याच लेकी दुःखाचं म्हणायच्या. जिचं चांगलं चाललंय ती बी. सुखाची ओळ झोक्यावर शोभत नाही असं सगळ्यांना वाटायचं. माझे मालक साधे होते, सासू बरी होती, तरी मी म्हणलं होतं की माझ्या सासरी सूर्य उगवत नाही. घरी येऊन आम्ही त्याच्यावर हसलो होतो. त्यामुळं खरं कोणाचं आणि रीतीचं कोणाचं, ते कळायला मार्ग नव्हता.

त्या आखाजीला इंदू झोक्यावर होती आणि मी झोका देत होते. तिला धुळ्याकडं दिलेली. आली तेव्हापासून कमी बोलायची, पण ती लहानपणापासूनच तशी. तिची पाळी आली आणि तिनं ओळ जोडली:

माय, तुन्ही इहीर गोड, सासरनी इहीर खोल,
खोल इहीरसंगे मी करस मनना बोल.

म्हणजे, आई, तुझ्या विहिरीचं पाणी गोड आहे, सासरची विहीर खोल आहे, आणि त्या खोल विहिरीपाशी मी मनातलं बोलते.

खाली बायांनी वा वा केलं. एक जण म्हणे, ‘भारी जोडी व इंदूनी!’ दुसरीनं परत म्हणायला लावलं. इंदूनं परत म्हणलं. मी पाठीमागं होते, मला तिचं तोंड दिसलं नाही.

आखाजी झाली, दोघींना बी न्यायला आले, दोघी आपापल्या घरी गेलो. पेरण्या व्हायच्या आधी सांगावा आला. पाणी शेंदताना पाय घसरला म्हणाले. पोलीस आले, गेले. आमचे वडील बोलणारे नव्हते आणि ते लोक वजनदार होते. मी पोचले तोवर सगळं आटोपलेलं. तिला लेकरू नव्हतं. फोटो कधी काढलेला नव्हता. आईनं तिच्या नाकातली चमकी मागितली, ती बी मिळाली नाही.

राहिली ती ओळ. दर आखाजीला मी झोक्यावर ती म्हणायची. बाकीच्यांना वाटायचं गाण्यातलीच आहे. हळूहळू आमच्या वेळच्या बाया गेल्या, आणि ही ओळ कुणाची ते माझ्याशिवाय कुणाला माहीत राहिलं नाही.

हेमंतभाऊंनी मुलांसाठी एक संच करायचा ठरवला. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेतल्या पोरांनी खेळावा, आपली बोली त्यांच्या कानावर पडावी. अंगाई, खेळातली गाणी, आणि माझं झोक्याचं गाणं. मी जसं नेहमी म्हणते तसंच म्हणलं. इंदूची ओळ त्यात आली. ती काढून म्हणायचं माझ्या मनात बी आलं नाही. हेमंतभाऊ काचेच्या पलीकडून अंगठा दाखवत होते.

मग अर्थ सांगायला बसलो. फरीदा नेहमीसारखी एकेक ओळ थांबवत होती. या ओळीला आली.

‘विहिरीशी मनातलं बोलते. म्हणजे अक्का, पाणी भरताना बोलते, असं?’

‘असं’ म्हणलं असतं तर काम झालं असतं. तिनं तेच भरलं असतं, गाणं तीनचं झालं असतं, कुणाला कधी कळलं नसतं. पण मी पप्पूला विचारलं होतं पोरगी काय म्हणते. पावरा बाईचं गाणं मी खरं सांगून घालवलं होतं. आणि दुसरं असं, की इंदूचं खरं कधी कुणी बोललंच नव्हतं. पाय घसरला, एवढंच. मी बी जर म्हणलं पाणी भरताना बोलते, तर तिचा पाय मी आणखी एकदा घसरवला असता.

मी म्हणलं, ‘नाही. ती मरायचं सांगते आहे.’

फरीदाचे हात थांबले. ‘कुणी जोडली ही ओळ?’

‘माझ्या बहिणीनं.’

‘मग पुढं...’

‘पुढं तसंच झालं.’

ती उठून पाणी घेऊन आली. मला वाटलं माझ्यासाठी, पण तिनं स्वतःच प्यायलं. मग खरं ते भरलं. खूण आली बाराची.

म्हणजे सगळा संच बारावर. हेमंतभाऊ खाली मान घालून बसले. चांगला माणूस आहे, ओरडला नाही. म्हणाले, ‘अक्का, हे लहान पोरांसाठीच होतं. तुम्ही दुसरी ओळ जोडा ना. तुम्ही तर उभ्या उभ्या जोडता.’

मी म्हणलं, ‘ओळ राहत असेल तर गाणं राहील.’

‘तुमच्या गाण्याशिवाय संचात जीव नाही हो.’

‘मग ओळीसकट घ्या.’

ते म्हणाले, ‘तुमचं गाणं आहे. तुम्ही सांगाल तसं करू. पण चार दिवस विचार करा.’

दुसऱ्या दिवशी सरू आली. सरूबाई माझ्यासोबत मागं ओढायची, तिची अंगाई त्या संचात होती. तिची लेक सुरतला दिलेली, नात सात वर्षांची. जावयानं पोरीच्या हातातल्या फोनला वयाचं कुलूप लावलेलं. बाराची खूण असली तर तो खेळ त्या फोनवर उघडणारच नव्हता.

सरू दारातच बसली. चहा घेतला नाही. म्हणाली, ‘अक्का, मी नातले सांगी ठेयेल शे. आजीना आवाज फोनमा येई म्हनीसन. ती रोज इचारस.’

मी चहाचा कप परत तिच्यापुढं सरकवला.

‘अक्का, एक ओळ शे.’

‘एकच शे, सरू.’

तिला इंदूचं माहीत नव्हतं. मी सांगितलं. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. जाताना नातीचं नाव परत काढलं नाही. काढलं असतं तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते.

मला राहवेना. मी धुळ्याची एसटी धरली, तिथून दुसरी गाडी, आणि इंदूच्या सासरच्या गावी गेले. ती गेली तेव्हा गेले होते, त्यानंतर कधी पाय ठेवला नव्हता. विहीर दगड-माती टाकून बुजवलेली. त्याच्यावर पाण्याची टाकी उभी, सिमेंटची, खाली नळावर बाया हंडे भरत होत्या. चहाच्या टपरीवर एक म्हातारे नाना बसलेले. मी त्या घराचं नाव घेतलं.

‘त्या? त्या तर कवयच सुरतले चालना ग्यात. घर ईकी टाकं. तुम्ही कोन, बाई?’

‘त्यांची सून इंदू, तिची बहीण.’

‘कोन इंदू?’

मी म्हणलं, होती एक. त्यांनी माझ्या चहाचे पैसे देऊ केले, मी देऊ दिले नाहीत. येताना गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. मनाशी पक्कं केलं की ओळ काढायची नाही. ते लोक घर विकून कधीच सुरतला गेलेले, त्या गावात तिचं काही नाही, आमच्या गावात काही नाही. असलं तर त्या गाण्यात आहे. बारा तर बारा.

सकाळी स्टुडिओत गेले आणि सांगितलं, ओळ राहील. हेमंतभाऊ बरं म्हणाले. तोंड उतरलं, पण बरं म्हणाले. सगळं संपलं होतं. मी उठले आणि जाता जाता फरीदाला म्हणलं, ‘दाखव तरी, खेळात कसं वाजतं.’

तिनं फोन उभा धरला. गाणं लागलं. माझा आवाज. मणी खाली यायला लागले, निळे, पिवळे. फरीदाचं बोट चांगलं चालतं, एक मणी सुटत नव्हता. झोका वर गेला, खाली आला, आणि ती ओळ आली. ‘खोल’ म्हणताना मी सूर लांबवला होता, तिथं त्यांनी एक लांब मणी ठेवलेला. त्याच्यावर बोट दाबून धरायचं. फरीदानं धरलं. सगळ्या फोनभर तारे फुटले. फोन ओरडला, ‘कडक!’ पुढं ‘मनना बोल’, परत तारे. ‘कडक! कडक!’

फरीदानं घाबरून बोट काढलं. माझ्याकडं बघायला लागली.

मला फोन दिसत नव्हता. मला निंबाखालच्या बाया दिसत होत्या. वा वा करणाऱ्या. परत म्हण म्हणणाऱ्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं, ओळ चांगली जोडली म्हणून त्या खूश झाल्या होत्या. फोनचं बी काही चुकलं नव्हतं. त्याला ठेका तेवढा कळतो. पण कुणाची तरी बाराची, तेराची पोर ती ओळ म्हणेल, आणि तिला तारे मिळतील, आणि ती परत म्हणेल. इंदूला परत म्हणायला लावलं होतं, तेवढं पुरे.

मी म्हणलं, ‘काढा ती.’

हेमंतभाऊ आतून आले. ‘अक्का, आत्ताच तर तुम्ही...’

‘काढा.’

‘मग दुसरी जोडता?’

‘दुसरी नाही. तिथं रिकामं ठेवा.’

त्यांनी तसंच केलं. पण यंत्रावर बसणारा म्हणाला, अगदी रिकामं ठेवलं तर खेळणाऱ्याला वाटेल फोन बंद पडला. म्हणून त्यानं त्या जागी मागं नुसता ढोल ठेवला आणि दोन टाळ्या टाकल्या. मणी दोन, टाळ्या दोन. गाण्याला तीनची खूण मिळाली. सगळ्या संचाला मिळाली. सरूच्या नातीनं सुरतहून व्हिडिओ पाठवला, अंगाई लावून फोनवर बोटं मारते आहे आणि सरूसारखीच मान हलवते आहे. सरूनं तो मला दाखवला, मग फोन लुगड्याच्या घोळात ठेवून दिला. पप्पूचं गाणं दुसऱ्या संचात आलं, ते बी तीनचंच. चांगलं चालतं म्हणे.

मला लोक विचारतात, ओळ काढून चांगलं केलं का. मला माहीत नाही. मी खरं सांगितलं म्हणून ती निघाली, आणि खोटं सांगितलं असतं तर राहिली असती, पण मग ती इंदूची राहिली नसती. फरीदा म्हणते, छापील अंकाला वयाची खूण लागत नाही. म्हणून वर ती ओळ लिहायला लावली. जो वाचेल तो निदान टिचकी मारणार नाही.

या आखाजीला मी जळगावातच होते. स्टुडिओच्या कामासाठी मी आता इथंच खोली घेतली आहे. आमच्या कॉलनीत निंब नाही, पोरींनी लोखंडी पाइपाच्या चौकटीला झोका बांधला. शाळेतल्या पोरी, एकीच्या बी लग्नाचं वय नाही. मला बघून ओरडल्या, ‘अक्का, तुमचं गाणं येतं आम्हाला!’ कुठून येतं? खेळातून. सगळं पाठ. शब्द सुटत नाही, चाल सुटत नाही. माझी आई म्हणायची तसं म्हणत होत्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

त्यातल्या एकीनं मला झोका द्यायला उभं केलं. दोघी पाटावर बसलेल्या, बाकीच्या भोवती. झोका वर जायला लागला. गाणं त्या जागी आलं. माझं तोंड आपोआप उघडलं. इतक्या वर्षांची सवय. तेवढ्यात सगळ्या पोरींनी दोन टाळ्या वाजवल्या आणि गाणं पुढं निघून गेलं.

एक जण वळून म्हणाली, ‘अक्का, तिथं गाणं नाहीये. तिथं टाळ्या आहेत.’

‘हो का,’ म्हणलं.

परत सुरू केलं. झोका आणखी वर. ती जागा आली, आणि पाटावरच्या दोघींनी बी टाळ्यांसाठी दोर सोडून दिले. एवढ्या उंचावर, दोन्ही हात मोकळे. मी दोर धरून झोका थांबवला.

‘काय झालं अक्का?’

मी म्हणलं, ‘हात सोडायचे नाहीत. तुम्ही दोर घट्ट धरा. त्या जागच्या टाळ्या मी वाजवत जाईन.’